सूचना आली, पण पोचली का?

आमच्या उत्तर नागपुरातल्या वस्तीत तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पदवीधर मुलगा कोणत्या घरात आहे, हे बोट दाखवून सांगता येत असे. आज उलट झाले आहे. ज्या घरातले एकही मूल कॉलेजात गेले नाही, असे घर शोधावे लागते. ऑटो चालविणाऱ्याची मुलगी औषधशास्त्र शिकते, बांधकामावर जाणाऱ्या बाईचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे, चहाच्या टपरीवर बसणाऱ्याची दोन्ही मुले बी.ए. करीत आहेत. बाबासाहेबांचे उपकार मोजायचे तर या घरांच्या दारावरून फिरावे.

परंतु या मुलांच्या हातातल्या मोबाईलवर कॉलेजकडून दिवसभर सूचनांचा जो मारा चालतो, त्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. आईबापांना वाटते, पोरगं मोबाईलमध्ये घुसले म्हणजे वाया चालले. पोरांना वाटते, आईबापांना यातले काही समजत नाही. दोघांचेही अर्धेच खरे आहे. ते पोरगं कधी कधी खरोखरच अभ्यासाची सूचना शोधत असते, आणि ती त्याला सापडत नसते.

आम्ही म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी अभ्यासिका चालविणारे चार-पाच जण. एक टपाल खात्यातून निवृत्त झालेले, एक रेल्वेतले, एक अंगणवाडी सेविका, दोन शिकणारी मुले. मुलांना बसायला जागा, दिवा, पंखा आणि शांतता द्यायची, एवढेच काम आम्ही अंगावर घेतले होते. पण २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजचा सारा कारभार मोबाईलवर गेला आणि पुढे कॉलेजे उघडली तरी तो तिथेच राहिला. तेव्हापासून आमचे निम्मे काम मुलांना निरोप उलगडून दाखविण्याचे झाले आहे. 'काका, हे माझ्यासाठी आहे का?' हा प्रश्न रोज एकदा तरी कानावर पडतो.

मागच्या पावसाळ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आपणहून मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, 'मोजूनच पहा.' कॉलेजचेच अकरा ग्रुप निघाले. वर्गाचा एक, विषयवार पाच, एन.एस.एस.चा, परीक्षेचा, ग्रंथालयाचा, प्रोजेक्टचा आणि एक 'ऑफिशियल' नावाचा. शिवाय ई-मेल वेगळे, गूगल क्लासरूम वेगळे, विद्यापीठाचे संकेतस्थळ वेगळे. त्या एका सोमवारी सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत दोनशेच्या वर निरोप आले होते. त्यातले तिला खरोखर लागणारे चार. एक तास रद्द झाल्याचा, एक प्रात्यक्षिकाची वही जमा करण्याचा, एक परीक्षा अर्जाच्या मुदतीचा आणि एक एबीसी क्रमांकाचा. (नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याच्या क्रेडिटचे खाते उघडावे लागते, त्याला एबीसी म्हणतात. बँकेचे खाते समजून एका आजीने 'यात पैसे कधी येतील' असे विचारले होते.)

मग उरलेले निरोप कसले? सरांनी सूचना टाकली की खाली साठ मुले 'ओके सर' लिहितात. मग हात जोडल्याची चित्रे. मग 'थँक यू सर'. मग एखादा विचारतो, 'सर, कधीपर्यंत?' तारीख तर सूचनेत लिहिलेली असते, पण सूचना तोवर वर सरकून गेलेली असते. मग दुसरा तीच सूचना पुन्हा टाकतो, तिच्यावर पुन्हा हात जोडले जातात. यात मुलांचा दोष म्हणावा तर तोही नाही. उत्तर दिले नाही तर सर रागावतील, ही भीती असते. एका ग्रुपवर तर 'ज्यांनी ओके लिहिले नाही त्यांची नावे प्राचार्यांकडे जातील' असे लिहिलेले आम्ही स्वतः वाचले आहे.

आमचे टपालवाले दादा यावर एक गोष्ट सांगतात, ती आम्हाला फार पटते. पोस्टात साधे कार्ड वेगळे, रजिस्टर वेगळे, तार वेगळी. तारवाला दारात उभा राहिला की आत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातातले लाटणे थांबायचे. लिहिलेले वाचण्याआधीच कळायचे की हे साधे नाही. रजिस्टर आले की सही घ्यायची, पोचपावती परत जायची. तार २०१३ साली बंद झाली, रजिस्टर टपालही २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये मिसळले गेले. मोबाईलमध्ये सगळ्यांना एकच आवाज. परीक्षेची तारीख, कोणाच्या वाढदिवसाचा केक, शिष्यवृत्तीची शेवटची मुदत आणि हरवलेल्या छत्रीचा फोटो, सारे 'टुंग' असेच वाजते. आणि निळ्या खुणा उमटल्या की पाठविणारा म्हणतो, वाचले आहे. दादा म्हणतात, 'ही पोचपावती नव्हे. पोचपावतीवर माणसाची सही असते.'

हे सारे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. मागच्या वर्षी आमच्याच वस्तीतल्या एका मुलीचे काय झाले ते पहा. बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप ऑटो चालवतो, आई चार घरची कामे करते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज तिने महाडीबीटीवर वेळेत भरला होता. पण उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा जोडला गेला. कॉलेजच्या लिपिकाने अर्ज त्रुटी काढून परत पाठविला. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विद्यार्थ्याचा अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. कोणत्याही टप्प्यावर चूक निघाली तर तो विद्यार्थ्याच्या खात्यात परत येतो, आणि दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा पाठवावा लागतो. न पाठविला तर तिथेच पडून राहतो. कोणी दार वाजवायला येत नाही.

परत आल्याचा एस.एम.एस. नोंदविलेल्या नंबरवर जातो. तो नंबर तिच्या बापाच्या जुन्या सिमचा होता, रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला. कॉलेजने त्रुटी असलेल्या मुलांची यादी केली, ती पीडीएफ करून रात्री पावणेदहाला वर्गाच्या ग्रुपवर टाकली. सूचना इंग्रजीत. यादी उघडल्याशिवाय नाव दिसत नाही, आणि हिच्या मोबाईलमधली जागा भरलेली असल्याने ती उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी हिची प्रात्यक्षिक परीक्षा. यादीवर नेहमीप्रमाणे 'ओके सर'चा पाऊस पडला, आणि यादी वाहून गेली. चार दिवसांनी मुदत संपली. तिला कळले ते थेट परीक्षेच्या तोंडावर, हॉल तिकीट अडविले तेव्हा. पूर्ण फी भरा, मग तिकीट न्या.

आम्ही तिघे तिच्या आईबरोबर कॉलेजात गेलो. कॉलेजचे नाव सांगत नाही. असेच सगळीकडे चालले आहे. लिपिक शांतपणे म्हणाले, 'ग्रुपवर टाकलं होतं.' त्यांचा सूर उद्धट नव्हता. त्यांच्या दृष्टीने त्यांचे काम पुरे झाले होते. तिची आई मात्र बाहेर पायरीवर बसून म्हणाली, 'बापा, फोन त दिवसभर टुनटुन वाजते. पोरगी त झोपेतून उठूउठू पायते. मंग कामाचाच निरोप काहून नाई दिसला?' यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. प्राचार्यांना भेटलो. ते भले गृहस्थ, त्यांनी फीचे हप्ते पाडून दिले, हॉल तिकीट सोडले. शिष्यवृत्ती त्या वर्षापुरती गेली ती गेली. पहिला हप्ता आईने महिला बचत गटातून कर्ज काढून भरला. ते कर्ज अजून फिटायचे आहे.

शिष्यवृत्ती मध्येच तुटणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला नवे नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेले बाबासाहेब पुढे लंडनला शिकत असताना मुदत संपली म्हणून १९१७ साली अर्धे शिक्षण टाकून परत आले होते. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. तीन वर्षे मध्ये गेली. ज्यांच्या मागे ना शाहू महाराज ना भथेना, त्यांची तीन वर्षे गेली की बहुतेक शिक्षणच जाते. मुलगी असेल तर स्थळे पाहायला सुरुवात होते.

आता कोणी म्हणेल, पूर्वीचे बरे होते. आम्ही तसे म्हणणार नाही. आमच्या वेळी शिपाई नोटीस वही घेऊन वर्गात यायचा. प्राध्यापक तास थांबवून नोटीस वाचायचे, सही करायचे. ऐकले नाही असे कोणाला म्हणता येत नसे, हे खरे. पण शिष्यवृत्तीची नोटीस आली की 'एस.सी., एस.टी.चे विद्यार्थी उभे राहा' म्हणणारेही प्राध्यापक होते, आणि उभे राहिल्यावर भोवतालच्या नजरा कशा असत ते आम्ही विसरलेलो नाही. कित्येक ठिकाणी ती नोटीस लिपिकाच्या खणातच असायची. विचारायला गेले की 'उद्या या'. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना धरले गेले, तेव्हा त्याचा मुलांच्या प्रवेशाला, नोकरीला काय उपयोग, दाखला कसा काढायचा, हे आम्हाला कॉलेजातून कळले नाही. विहारातल्या सभेत कळले, साप्ताहिकात वाचून कळले.

तेव्हा निरोप दडवून ठेवला जायचा, आता तो गर्दीत हरवतो. ज्याच्या घरी बाप प्राध्यापक किंवा मामा तहसील कचेरीत आहे, त्याला तेव्हाही खबर लागायची आणि आताही लागते. कारण त्याला कोणी तरी सांगणारा आहे की दोनशेतले हे चार महत्त्वाचे, बाकी सोड. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलाला हे सांगणारा कोणी नाही. म्हणून तो एक तर सगळे वाचतो आणि त्याचा अभ्यास बुडतो, नाही तर कंटाळून सगळे सोडतो आणि त्याची मुदत बुडते.

मोबाईलचे गुणही आहेत. कामठीचा मुलगा आता एका सहीसाठी दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत येत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, जे आम्ही वाचनालयात नंबर लावून पाहायचो, ते आता मुलाच्या खिशात मावतात. प्रश्न एवढाच की तो ते उघडतो केव्हा.

आमच्याकडे येणारा एक मुलगा संध्याकाळी सहा ते अकरा घरोघर जेवण पोचविण्याचे काम करतो. त्याच्यासाठी मोबाईल म्हणजे रोजगार. ऑर्डर आली की काही सेकंदांत घ्यायची असते. त्याच वेळी कॉलेजचे ग्रुप वाजत असतात, म्हणून तो ते बंद करून ठेवतो. रात्री साडेअकराला घरी येऊन सगळे एकदम पाहतो. त्यात एकदा 'उद्या सकाळी साडेसातला अंतर्गत चाचणी' अशी रात्री नऊची सूचना निघाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तिथे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. कॉलेजने विद्यार्थ्याच्या पोटाच्या वेळा पाहून आपली वेळ ठरवायची, हा त्यामागचा विचार. आज रात्री नऊला सूचना टाकणाऱ्याला तो मुलगा त्या वेळी कुठे असेल, हा प्रश्न पडत नाही.

पण सूचना टाकणाराही मोकळा नाही. आपल्याच वस्तीतला एक तरुण तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतो. नेट झालेला, पीएच.डी. चालू. त्याला पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासांचे. सुट्टी आली की पैसे नाहीत, परीक्षेचा काळ आला की नाहीत. पण मोबाईल चोवीस तास त्याच्याच गळ्यात. प्राचार्यांचा ग्रुप, विभागाचा, नॅकच्या तयारीचा, परीक्षा विभागाचा, वर्गांचे चार. कार्यक्रम झाला की लगेच जागा आणि वेळ दाखविणारा फोटो पाठवा, अहवाल पाठवा, उपस्थितांची यादी पाठवा, आणि तीच माहिती पुन्हा वेगळ्या तक्त्यात भरा. रविवारी सायंकाळी 'उद्या सकाळी दहापर्यंत' असा निरोप येतो. कायम नोकरीचा प्राध्यापक एखादे वेळी दुर्लक्ष करू शकतो. हा करू शकत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा नेमणूक व्हायची आहे. परवा तो आमच्याजवळ बसून म्हणाला, 'काका, पहिले पुस्तक वाचून वर्गात जात होतो. आता नोटिसा वाचून जातो.' मुलेही त्याला रात्री अकराला शंका विचारतात. आपलीच मुले, नाही कसे म्हणणार? एकदा त्याची बायको हसत म्हणाली, 'यांचा पगार तासावर आणि नोकरी मिनिटावर.'

फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर साहेबाच्या निरोपाला उत्तर न देण्याचा अधिकार कायद्याने मान्य झाला आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी तासिकेवरच्या माणसाला तो कितपत लागू पडला असता, याची आम्हाला शंकाच आहे.

अभ्यासाचे नुकसान कसे होते ते डोळ्यांना दिसत नाही. मुलगा पुस्तकासमोर तीन तास बसलेला असतो, बाप समाधानी असतो. पण दर पाच-सात मिनिटांनी हात मोबाईलकडे जातो. अमेरिकेतल्या ग्लोरिया मार्क या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मध्ये मध्ये व्यत्यय आलेली माणसे काम उरकतात, उलट जरा लवकरच उरकतात, पण त्यांचा ताण, घाई आणि चिडचिड वाढते, असे त्यात दिसले. आमच्या अभ्यासिकेत हे रोज दिसते. पान उलटले जाते, पण काय वाचले विचारले की मुलगा छताकडे पाहतो. संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल दारातल्या टोपलीत ठेवायचा असा नियम आम्ही केला, तेव्हा पहिले आठ दिवस मुले टोपलीकडेच पाहत बसत. एका मुलीने स्पष्ट सांगितले, 'मावशी, सरांचं काही आलं असेल तर, या भीतीनं वाचताच येत नाही.' मोबाईल समोर नसला तरी तो मनात वाजत राहतो. मग एक जण आळीपाळीने टोपलीजवळ बसू लागला. खरोखर तातडीचे काही आले तर तो हाक मारणार. तेव्हा कुठे मुलांनी मान खाली घातली. महिना लागला.

आता थोडे आपल्या घरातले. मुलांच्या मोबाईलवरचे सगळे निरोप कॉलेजचे नसतात. जयंती मंडळाचा ग्रुप, नातेवाइकांचा, गावच्या भावकीचा, वस्तीचा. पहाटे पाचपासून बुद्धाच्या चित्रावर 'सुप्रभात', बाबासाहेबांच्या फोटोवर 'जयभीम', आणि बाबासाहेबांच्या नावावर खपविलेली अशी वाक्ये की जी त्यांच्या कोणत्याही खंडात सापडणार नाहीत. भावना चांगली असते, हे मान्य. पण परीक्षेच्या महिन्यात मामा, काका, आत्या आणि मंडळाचे अध्यक्ष अशा चौघांकडून एकच चित्र आले की मुलाचा मोबाईल भरतो, आणि नेमकी यादी उतरत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक वाचा समजावताना खोटे न बोलणे, चहाडी न करणे, कठोर न बोलणे यांबरोबर निरर्थक बडबड न करणे हेही सांगितले आहे. पंचशील घेताना आपण खोटे न बोलण्याचे व्रत घेतो, या शेवटच्याकडे आपले लक्ष कमी जाते. आमच्या अंगणवाडी ताईंनी महिला मंडळाच्या बैठकीत हे बोलून दाखविले. काही बायकांना राग आला. एका आजीबाईंनी मात्र विचारले, 'मंग जयभीम कराचाच नाई काय?' ताई म्हणाल्या, 'करा न आजी. गल्लीत भेटलं का तोंडानं करा.' आजींना ते पटले.

त्या बी.फार्म.च्या मुलीच्या प्रकरणानंतर आम्ही तिच्या कॉलेजला एक साधे पत्र दिले. मागण्या मोठ्या नव्हत्या. पैसे, परीक्षा आणि प्रवेश यांच्या सूचनांसाठी एकच वेगळा ग्रुप ठेवा, त्यात फक्त कार्यालयाला लिहिता यावे. सूचना मराठीत, आणि तारीख पहिल्या ओळीत. यादी असेल तर तिचा कागद फळ्यावरही लावा. आणि ज्यांचा अर्ज परत आला आहे त्यांना मुदतीच्या आधी एक फोन करा. साठ-सत्तर फोन म्हणजे दोन माणसांचे एका दुपारचे काम आहे. पत्रात आम्ही हेही लिहिले की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि तीत अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील एक तरी व्यक्ती हवी. ती समिती कोण, हे आम्हाला कळावे. आठ दिवस काही झाले नाही. मग वेगळा ग्रुप सुरू झाला. कागदही लागू लागला. फोनचे म्हणाल तर लिपिकाने हात वर केले, माणसेच नाहीत म्हणाले. एका कार्यालयात चार जागांपैकी दोन रिकाम्या असतील तर त्याचे तरी काय चुकले? फोन आता आमची मुले करतात. कॉलेजच्या फळ्यावरच्या यादीचा फोटो काढून आणतात, आपल्या वस्तीतली नावे शोधतात, आणि घरी जाऊन सांगतात.

ज्या घरांत मुले शिकत आहेत, त्यांनी एक-दोन गोष्टी आजच पाहून घ्याव्यात. महाडीबीटीवर, बँकेत आणि आधारवर कोणता नंबर दिला आहे, आणि तो चालू आहे का? ऑनलाइन सेंटरवाल्याने स्वतःचा नंबर टाकला असेल तर तो बदलून घ्या. शिष्यवृत्तीची काही रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि त्यातली फी कॉलेजात भरायची असते, तेव्हा ते खाते कोणते हे आईबापांनाही माहीत असू द्या. अर्ज भरला म्हणजे झाले असे समजू नका. दर पंधरा दिवसांनी खाते उघडून अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते पाहा. आणि मुलगा मोबाईलकडे पाहत बसला तर ओरडण्याआधी एकदा विचारा, काय शोधतो आहेस?

विहाराच्या भिंतीवर आम्ही एक फळा लावला आहे. वरच्या अर्ध्या भागात फक्त तारखा. शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, वसतिगृह, जात वैधता. पाचपेक्षा जास्त ओळी लिहायच्या नाहीत, एक वाढली तर एक पुसायची, असे ठरले आहे. त्यावरून दर रविवारी भांडण होते, कोणती पुसायची म्हणून. वंदनेला येणाऱ्या बायाही आता फळा वाचतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या शेजारणीला विचारून घरी मुलाला सांगतात, 'अरे, तुह्या त्या दाखल्याची तारीख आली म्हणते.' ती बी.फार्म.ची मुलगी तिसऱ्या वर्षाला गेली. तिचा यंदाचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरून समाजकल्याणकडे गेला आहे. फळ्यावरची अक्षरे तीच काढते, तिचे अक्षर सुरेख आहे. खडू मात्र टिकत नाही, लहान पोरे पळवतात. दादांनी मागच्या आठवड्यात अख्खा डबाच आणून ठेवला.